आधी घोडी की आधी पॉलिश

सोलापुरात बाळीवेशीच्या आतल्या बोळात गुरुलिंग बडिगेर नावाच्या सुताराचं दुकान होतं. दुकान गुरुलिंगचं, रंधा-पटाशी गुरुलिंगची, गिऱ्हाइकाशी बोलणंही त्याचंच. पण तिथून बाहेर पडलेल्या खुर्चीला सगळी पेठ ‘पारम्माची खुर्ची’ म्हणायची. पारम्मा म्हणजे त्याची बायको, पार्वतम्मा. खुर्ची करायचा गुरुलिंग आणि तिला पॉलिश करायची पार्वतम्मा. आणि लोकांच्या डोळ्यांत भरायचं ते पॉलिशच. गुरुलिंगला याचं वाईट वाटत नसे असं नाही, पण तो ते बोलून दाखवत नसे.

पार्वतम्मा मूळची अक्कलकोटकडच्या चपळगावची. वडील लाकूड कातणारे. पाळण्याच्या दांड्या, लाटणी, भोवरे असलं काम करायचे. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवली की ती घासून घासून तापते, वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याचं पान घट्ट दाबून धरलं की झळाळी येते. सहाव्या वर्षापासून पार्वतम्मा लाकूड फिरवणाऱ्या चरकाची दोरी ओढत होती. आठव्या वर्षी वडिलांनी केवड्याचं पान तिच्या हातात दिलं, आणि मग तिला दुसरं काही सुचेनासं झालं. भाकरी करताना लाटणं दिसलं, तरी ती आधी त्याची चकाकी बघायची.

लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा मात्र तिची निराशा झाली. नवरा साखर पेठेतल्या विणकरांचे माग दुरुस्त करायचा, धोटे घडवायचा. मागाला कोण कशाला पॉलिश करतंय? चार-पाच वर्षं तिनं स्वयंपाकघरातल्या पोळपाटावर समाधान मानलं. मग एकदा एका वकिलाच्या खुर्च्यांचं काम आलं, आणि ठरलेला पॉलिशवाला ऐन वेळी गावाला निघून गेला. पार्वतम्मा म्हणाली, मी करते. गुरुलिंगनं नाखुशीनं एक खुर्ची दिली, आणि तीही मागची बाजू. स्पिरिटमध्ये चपडा लाख भिजवून, मलमलीत कापसाचा बोळा बांधून ती दोन दिवस त्या खुर्चीपाशी बसली. तिसऱ्या दिवशी तिनं खुर्ची दाराच्या उजेडात तिरपी धरली. आपल्या कपाळावरच्या विभूतीच्या तीन रेघा लाकडात वेगवेगळ्या दिसल्या, तेव्हा तिनं बोळा खाली ठेवला. त्यानंतर पॉलिशवाल्याला पुन्हा बोलावणं गेलं नाही.

सन सत्तावीसच्या उन्हाळ्यात काइतान मास्तर त्यांच्या दुकानात आला. तो गोव्याचा. बाजारापलीकडच्या पत्र्याच्या थिएटरात मूकपट दाखवायचे, आणि पडद्याखाली बसून जी चार-पाच माणसं वाद्यं वाजवायची त्यांतला तो एक. त्यानं धोतराच्या पानात गुंडाळून काहीतरी आणलं होतं. उलगडून ठेवलं तर ती गिटार होती. सोलापूरच्या उन्हानं तिची पाठ उभी चिरली होती, एक बगल उकलली होती आणि पोटाची फळी वाळक्या भाकरीसारखी वर आली होती. मास्तरला ती दुरुस्त करून नको होती. हिच्यासारखीच दुसरी करून द्या, असं त्याचं म्हणणं. मिरजेला तंबोरे करणारे आहेत हे त्याला ठाऊक होतं, पण खेळ रोज असल्यामुळे त्याला गाव सोडता येत नव्हतं.

गुरुलिंगनं आयुष्यात गिटार पाहिली नव्हती. पार्वतम्मा म्हणाली, कुणीतरी डमरू दाबून चपटा केलाय. पण गुरुलिंगला ते वाद्य बघताच त्याची गोडी लागली. दोन दिवस तो मेलेल्या गिटारीचे सांधे एकेक करून उकलत बसला. विणकर निरोप धाडून थकले. बगलांसाठी त्यानं एका जुन्या पलंगाचं शिसव चिरून पातळ पट्ट्या काढल्या, वाफ देऊन तापल्या नळीवर वाकवल्या. पोटाच्या फळीला हलकं, सरळ रेषांचं लाकूड हवं होतं. ते गिरणीत विलायतेहून यंत्रं ज्या खोक्यांत यायची त्या खोक्यांत सापडलं. पांढरं, हलकं, टिचकी मारली तर घुमणारं. दीड महिन्यात गिटार उभी राहिली. राहिली एक घोडी बसवायची आणि पॉलिश करायचं.

आणि इथंच नवरा-बायकोचं वाजलं.

घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडाची पट्टी. गुरुलिंगचं म्हणणं, घोडी आधी सरसानं चिकटवू, मग सगळ्याला मिळून पॉलिश कर. पार्वतम्माचं म्हणणं, आधी पॉलिश, मग घोडी. दोघांची आपापली बाजू पक्की होती, कारण ती दोघांच्या हातांतच मुरली होती. सुतार खुर्ची आधी जोडतो, मग रंगवतो. पाळणेवाला प्रत्येक दांडी आधी रंगवतो, मग पाळणा जोडतो.

“घोडी मधी उभी ऱ्हायली तर माजा बोळा फिरायचा कसा?” पार्वतम्मा म्हणाली. घरात ती दोघं कानडीच बोलायची, पण पॉलिशचं भांडण मराठीतच व्हायचं. सगळी गिऱ्हाइकं मराठी, म्हणून कामाची भाषाही मराठी झाली होती. “बोळा एका दमात हिकडनं तिकडं गेला पायजे. कुटं अडला, थांबला, की तितं डाग. लई वंगाळ दिसतंय.”

गुरुलिंग म्हणाला की सांधा आधी, ही त्याच्या बापाची शिकवण आहे. त्यावर पार्वतम्मानं त्याला तंबोऱ्याची आठवण करून दिली. शेजारच्या मठातला तंबोरा एकदा दुरुस्तीला आला होता, तेव्हा त्याची घोडी पॉलिशवरच बसलेली दोघांनीही पाहिली होती. तीन दिवस धुसफूस झाली. चौथ्या दिवशी मास्तर चौकशीला आला तेव्हा त्याच्यासमोर तमाशा नको म्हणून गुरुलिंगनं मान तुकवली.

पार्वतम्मानं मग त्या फळीवर जीव ओतला. अकरा दिवस ती बोळा फिरवत होती. फळी मधासारखी दिसू लागली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड, मधे कुठं खंड नाही. मग गुरुलिंगनं अंगणातल्या वेगळ्या चुलीवर सरस शिजवला. सरस कातड्याचा, म्हणून पार्वतम्मा तो स्वयंपाकघराच्या आसपास फिरकू देत नसे. आणि त्याचा वास शेजारी नरसम्माच्या घरात जायचा, म्हणून सरस शिजला की नरसम्मा मागावरून उठून भिंतीपलीकडून दोन शब्द सुनवायचीच. शिसवाची घोडी चिकटवली, चार दिवस दाबून ठेवली. मास्तर आला. त्यानं आधी फळीत स्वतःच्या मिशा पाहिल्या, त्या बोटानं सारख्या केल्या, मग तारा चढवल्या आणि उभ्याउभ्याच काहीतरी असं वाजवलं की बोळातली दोन-तीन माणसं दारात येऊन थांबली. जाताना त्यानं दोघांना मंगळवारच्या दुपारच्या खेळाचं आमंत्रण दिलं.

गुरुलिंगला विणकरांचं साचलेलं काम होतं. पार्वतम्मा नरसम्माला घेऊन गेली. दोघींनीही सिनेमा पूर्वी पाहिला नव्हता. बाजाराचा दिवस, म्हणून खेडोपाड्यांतून आलेली माणसं खचाखच भरली होती. बायकांची जागा पुढं, एका बाजूला पडदा लावून केलेली, त्यामुळे वाजवणारी मंडळी तिथून अगदी हाताच्या अंतरावर. पडद्यावर एक राजपुत्र होता, एक कपटी प्रधान होता आणि सारखं रडणारी एक राजकन्या होती. नरसम्मा राजकन्येसाठी डोळे पुसत होती. पार्वतम्मा मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. पडद्याचा उजेड मास्तरच्या गिटारीवर पडला की फळी चमकायची, आणि तिला वाटायचं, एवढ्या माणसांत हे फक्त मलाच दिसतंय.

राजपुत्र तुरुंगात पडला. मास्तरचा हात जोरात फिरू लागला. राजपुत्रानं उठून तुरुंगाच्या दाराला लाथ घातली, आणि नेमक्या त्याच क्षणी फाडकन आवाज झाला. थिएटर हादरलं. दार मोडल्याचा आवाज मूकपटात ऐकू आला म्हणून लोकांनी टाळ्या, शिट्ट्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. पार्वतम्मा तेवढी उभी राहिली. तिनं पाहिलं होतं. घोडी तारांसकट उडून तबलजीच्या मांडीवर पडली होती.

मास्तरनं राहिलेला खेळ तोंडानं शीळ घालून निभावला. खेळ संपल्यावर तो पार्वतम्माला म्हणाला की मालक खूश आहे, उद्याही दार मोडताना असाच आवाज काढा म्हणतोय. तो हसत होता. पार्वतम्माला हसू येईना. तिनं घोडी मागून घेतली आणि पदरात बांधून घरी आणली.

अंगणात बसून तिनं घोडी उलटी केली. खालच्या बाजूला सरस जसाच्या तसा होता, आणि सरसावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, पिवळा, चकचकीत थर. तो तिचा होता. अकरा दिवसांचं पॉलिश घोडीच्या आकारात सोलून निघालं होतं. तंबोऱ्याची आणि हिची तुलनाच चुकली होती, हे तिला तेव्हा कळलं. तंबोऱ्याच्या तारा घोडीवरून पुढं जाऊन खाली बांधलेल्या असतात. त्या घोडीला वरून दाबून बसवतात. इथं तारा घोडीलाच बांधलेल्या. त्या तिला दिवसरात्र उपटायला बघतात.

गुरुलिंग आला तेव्हा तिनं घोडी त्याच्या पुढ्यात ठेवली. “सरसानं माज्या चकाकीला धरलं,” ती म्हणाली, “लाकडाला न्हाय.”

गुरुलिंगनं घोडी बघितली आणि खाली ठेवली. ‘मी सांगत होतो’ असं तो एका शब्दानं म्हणाला नाही. पण पुढचे दोन दिवस तो रंधा मारताना भजन गुणगुणत होता, आणि पार्वतम्माला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तो गुणगुणायला लागला की ती मुद्दाम भांडी घासायला काढायची.

मग गुरुलिंगच्या मतानं झालं. त्यानं घोडीच्या जागचं आणि आजूबाजूचंही पॉलिश पटाशीनं खरवडलं, कोऱ्या लाकडावर सरस लावून घोडी बसवली आणि भोवतालच्या जागेला पॉलिश कर म्हणून गिटार तिच्याकडे दिली. घोडी हलायचं नाव घेईना. पण तिच्याभोवती बोळा फिरेना. कोपऱ्यांत पॉलिश साचून काळं झालं, कडेला जुन्या-नव्याची रेघ उठली. मधासारख्या फळीवर खरूज झाल्यासारखं दिसू लागलं. मास्तरला त्याचं काहीच नव्हतं. आवाज आधीहून मोकळा झाला म्हणून तो खूश. गुरुलिंग म्हणाला, तिथं बघतंय कोण.

“मी बघतो की,” पार्वतम्मा म्हणाली. रागात असली की ती असं पुरुषासारखं बोलायची.

तो विषय तिथंच संपला असता, पण दिवाळीनंतर मास्तरचा हुबळीचा एक दोस्त आला आणि त्यानंही गिटार करायला सांगितली. पुन्हा तेच. आधी की मग? आता दोघांचंही एकेकदा करून झालं होतं आणि दोघांनाही दुसऱ्याचं पटत होतं, त्यामुळे भांडायलाही मजा येईना. गिटार महिनाभर घोडीवाचून आणि पॉलिशवाचून खुंटीला टांगून राहिली.

एका सकाळी पार्वतम्मा नातेवाइकांकडे बारशाला गेली होती. पाळणा जुना, चपळगावचाच, बहुतेक तिच्या वडिलांच्या हातचा. बायका गाणी म्हणत होत्या आणि तिची नजर पाळण्याच्या एका निसटलेल्या दांडीवर गेली. दांडी लाल, हिरवी, पिवळी. पण भोकात शिरणारं टोक कोरं. वडिलांच्या दुकानात तिनं हजार वेळा पाहिलेलं होतं ते. टोकाला लाख लागली तर वडील तिच्या बोटांवर टिचकी मारायचे. इतकं सवयीचं, की त्याला काही अर्थ आहे हे कधी मनातच आलं नव्हतं. बाळाचं नाव काय ठेवलं हे न ऐकताच ती घरी आली.

आता दांडीचं टोक कोरं ठेवणं सोपं. कारागिराच्या हातात असतं. फळीच्या ऐन मधला बोटभर रुंद तुकडा कोरा कसा ठेवायचा? बोळा तर अखंड फिरायला हवा. विचार करत ती भिंतीशी उभी होती, तेव्हा पलीकडे नरसम्मा सुताला खळ, म्हणजे पिठाची चिकट पेज, लावत होती. पार्वतम्मानं वाटीभर खळ मागितली. नरसम्मानं विचारलं, खायला का काय.

तिनं गुरुलिंगला काही सांगितलं नाही. खोक्याच्या लाकडाची एक फळी घेतली. एका जागी पॉलिश करून त्यावर लाकडाचा ठोकळा सरसानं चिकटवला. दुसऱ्या जागी कोऱ्या लाकडावर चिकटवला. तिसऱ्या जागी खळीनं कागद डकवला, वरून पॉलिश केलं, मग कागदाच्या कडेनं पटाशीचं टोक फिरवून, कागद ओल्या फडक्यानं जरासा भिजवून सोलून काढला. खाली कोरं लाकूड निघालं. ते काचकागदानं घासून, वाळवून तिथं तिसरा ठोकळा बसवला. चार दिवसांनी फळी उलटी करून अंगणात दोन खांबांवर ठेवली आणि प्रत्येक ठोकळ्याला सारख्या वजनाचा एकेक दगड टांगला. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय नवस बोललाय काय. गुरुलिंग रोज जाता-येता बघायचा.

पॉलिशवरच्या ठोकळ्याचा दगड तिसऱ्या दिवशी पडला, तोही खाली ठेवलेल्या तांब्याच्या हंड्यावर. नरसम्मा मागावरून ओरडली. बाकीचे दोन पंधरा दिवस झाले तरी तसेच लटकत होते.

सोळाव्या दिवशी गुरुलिंगनं फळी उतरवली, तिसरा ठोकळा हातोडीनं ठोकून काढला आणि तो उलटा करून बघितला. सरसाबरोबर लाकडाचे तंतू उचकटून आले होते. सांधा सुटला नव्हता, लाकूडच फाटलं होतं. सुताराला याहून मोठी साक्ष लागत नाही.

“कागद घोडीएवढा नको,” तो म्हणाला. “अर्धा सूत लहान काप. म्हंजे कोरी जागा भाईर दिसायची न्हाय.”

“मग घोडीची कड पॉलिशवर चढंल की. सांधा उचलंल.”

“ते माज्याकडं लागलं,” गुरुलिंग म्हणाला. त्यानं घोडीच्या खालच्या कडेनं चारी बाजूंनी केसभर पायरी कोरली. मधला भाग लाकडावर बसला, कड पॉलिशवरून नुसती झाकण घालून गेली. बघणाऱ्याला वाटावं की घोडी त्या चकाकीतूनच उगवलीय. त्या दिवसापासून आधी की मग हा वाद त्या घरात उरला नाही. भांडायला त्यांनी दुसरे विषय शोधले.

पुढच्या आठ-नऊ वर्षांत त्या दुकानातून अकरा गिटारी बाहेर पडल्या. बहुतेक हुबळीकडं गेल्या, दोन रेल्वे कॉलनीतल्या गार्डांच्या घरी, एक पुण्याला. दरम्यान बोलपट आले आणि पडद्याखालच्या वाजवणाऱ्यांची गरज संपली. काइतान मास्तर गोव्याला परत जाईल असं सगळ्यांना वाटलं, पण त्याला सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडवेना. त्यानं रेल्वे कॉलनीत शिकवण्या धरल्या आणि लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्यांची एक टोळी उभी केली. नरसम्माच्या मुलीच्या लग्नात त्यानं फुकट वाजवलं, आणि मधेच थांबून मंडपातल्या लोकांना दार मोडल्याची गोष्ट साभिनय सांगितली. त्या गोष्टीत घोडी तबलजीच्या मांडीवर न पडता थेट थिएटरच्या मालकाच्या पागोट्यावर पडली होती. पार्वतम्मानं त्याची चूक दुरुस्त केली नाही. आता तिला त्या गोष्टीचं हसू यायला लागलं होतं.

छत्तीस साली गुलबर्ग्याहून एक माणूस गिटार घेऊन आला. ती त्यांच्या दुकानातली नव्हती. कुठल्या तरी मोठ्या शहरातून विकत आणलेली. घोडी उडाली होती. गुरुलिंग मागाच्या कामावर साखर पेठेत गेला होता. सांधा हे नेहमी त्याचं काम, पण माणसाला संध्याकाळच्या आत निघायची घाई होती आणि चार दिवसांनी तो गिटार न्यायला येणार होता, म्हणजे सरस वाळायला आजच लावायला हवा होता. पार्वतम्मानं घोडी उलटी केली, खाली पिवळा पापुद्रा बघितला आणि मनातल्या मनात त्या अनोळखी कारागिराला म्हणाली, तुझ्या घरात पण भांडण झालेलं दिसतंय. मग तिनं स्वतःच जागा आखली, पॉलिश खरवडलं, घोडीला पायरी कोरली, सरस शिजवला आणि घोडी बसवून वर शिकंजा आवळला.

गुरुलिंग आला. त्यानं हातपाय न धुताच आधी गिटार पाहिली. शिकंज्याचा दाब तपासला, कडेनं नख फिरवलं. मग घरात जाऊन गूळपाणी प्याला आणि बाहेर आला.

“बराबर बसलीया,” तो म्हणाला.

पार्वतम्मा म्हणाली, पाठीवरचं पॉलिशही मेलंय तिचं, उद्या बसावं लागेल. त्यावर गुरुलिंगनं खुंटीवरची तिची मलमल घेतली, कापूस घेतला आणि बोळा बांधायला बसला. वीस वर्षं त्यानं ते काम शेजारी बसून बघितलं होतं, पण बोळ्याला हात लावला नव्हता. त्याचा बोळा फार ओला होता, हात फार जड होता, आणि बोटांच्या रेघा गिटारीच्या पाठीवर उमटत होत्या. पार्वतम्मा उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत ते बघत राहिली. दोनदा तिनं तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा मात्र तिला राहवलं नाही. पण सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि हसूच बाहेर पडलं, असं की पदर तोंडाला लावावा लागला. गुरुलिंगही हसला, आणि बोळा फिरवत राहिला.

गुलबर्ग्याचा माणूस येऊन गिटार घेऊन गेला. पाठीवरच्या रेघा तिनं पुसल्या नव्हत्या.